चौथा झोन

गॅरेजच्या भिंतीवरचा डबा अंबर रंगात लुकलुकतोय.
तीनदा, मग थांबा. तीनदा, मग थांबा.
पुस्तिका म्हणते: नेटवर्क सापडत नाही.
बाहेर लास क्रूसेसचा जून,
अकरालाच पारा शंभरापाशी,
हिरवळीचा रंग जुन्या पायपुसण्यासारखा.

युफेमिया टाफोया दारात उभ्या.
हातात माझ्यासाठी सरबत, तोंडात माझ्यासाठी बोलणी:
"सहा वर्षं चाललं. गेल्या मंगळवारी मेलं.
लावलं होतंस तूच."

हो, मीच.
मी मुळात नळ्यांचा माणूस.
पाणी कुठे अडलंय ते बोटांना कळतं माझ्या,
पण लहरी गळत नाहीत, ओल सोडत नाहीत,
अडल्या तर भिंतीला कान लावून काय मिळणार?

तरी रीतीप्रमाणे सगळं करतो.
डब्याची वीज काढतो, तीस मोजतो, लावतो.
राउटरची काढतो. बाईंची मालिका बंद पडते,
परत बोलणी.
फोनला म्हणतो, पाचावरून खाली उतर,
दोन पूर्णांक चारावर ये,
डबा जुना आहे, त्याला तेवढंच ऐकू येतं.
पासवर्ड टाकतो. पुन्हा टाकतो, या वेळी मोठ्याने वाचत.
मधे तीन ब्लॉकच्या भिंती, एक फ्रीज,
आणि पत्र्याचं दार.
सिग्नलची एकच दांडी, तीही येऊ की नको करत.
आडातच नाही.

मग डब्याच्या पोटातली जुनी नोंद उघडतो.
शेवटचं जोडलेलं नेटवर्क:
ब्रँडवोल्ड-पाहुणे.

अरे देवा.

याच शिडीवर होतो मी, असाच घामाघूम,
आणि कुंपणाच्या भिंतीवरून एक टोपी वर आली.
हॉलिस ब्रँडवोल्ड. बाईंशी अबोला.
ही भिंत सहा इंच कुणाच्या हद्दीत,
यावर दोन वकील पोटभर जेवले होते.
"माझा राउटर तुझ्या डब्यापासून चार पावलांवर," म्हणाला.
"घे पासवर्ड. तिला सांगायचं नाही."
मला दोन वाजता दुसरीकडे पोचायचं होतं.
मी घेतला.

"मंगळवारी त्याचं सामान गेलं," बाई आता सांगतायत,
मी न विचारता.
"मुलीकडे, डुलुथला. सुटले."
मी सरबताचा घोट घेतो. फार गोड आहे.

कपडे धुण्याच्या खोलीत एक रिपीटर लावतो,
वाळणाऱ्या चादरींच्या मागे.
दोन दांड्या. तीन.
डबा विचारतो: जुनं नेटवर्क विसरायचं का?
मी 'नंतर' दाबतो.
हिरवा दिवा.

आता एकेक झोन चालवून बघायचा.
पहिला: ठीक. दुसरा: तोंडात वाळू, फुंकून काढली.
तिसरा: ठीक.
चौथा उठतो, फिस्स करतो, फिरतो,
फिरतच राहतो,
आणि पाण्याची कमान सरळ भिंतीपलीकडे.
तिकडे सगळी खडी, एकही नळी नाही,
फक्त एक अंजिराचं झाड,
पानं तळव्याएवढी, फळांनी वाकलेलं.

मी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढतो.
"तुमचं पाणी वाया—"
"त्याला हात लावू नकोस."

आता दिसतं मला, डब्याच्या झाकणाला आतून
त्यांच्या अक्षरातली चिकटपट्टी, कडा पिवळ्या पडलेल्या:
चार नंबर आहे तसाच ठेवणे.

"त्या माणसाला अक्कल नव्हती," त्या म्हणतात,
"अंजिराला कुणी खडीत लावतं?"

मी बिलात लिहितो: सिग्नल कमी होता.
रिपीटर एक. मजुरी दीड तास.
"पण मग आधी कसं चालत होतं रे?"
मी झाकणाचा स्क्रू शोधतो.
तो माझ्या हातातच असतो.

"घर विकलं गेलं का त्याचं?" मी विचारतो.
"पाटी आहे अजून."

दोघं बघत राहतो, पाणी भिंत ओलांडताना.
भिंतीचा वरचा काठ काळपट भिजतो,
त्या सहा इंचांसकट.

"चौथ्याला बारा मिनिटं दे," बाई म्हणतात.
"दहा पुरत नाहीत जूनमध्ये."